व्हिएतनाम युद्धावर अमेरिका नेमकी कशी दुभंगली होती?

व्हिएतनाम युद्धाला अमेरिकेत झालेला विरोध म्हटलं की केस वाढवलेले विद्यार्थी, विद्यापीठांतली धरणी आणि जाळलेली भरतीपत्रं डोळ्यांपुढे येतात. त्यावरून एक समज पक्का होऊन बसतो: तरुण आणि शिकलेली माणसं युद्धाच्या विरोधात, वयस्क आणि कमी शिकलेली सरकारच्या बाजूने. त्या काळातल्या जनमत चाचण्या काढून बघितल्या तर हा समज जवळपास उलटा पडतो.

गॅलप या संस्थेने १९६५ पासून एकच प्रश्न वर्षानुवर्षं विचारला. व्हिएतनाममध्ये लढायला सैन्य पाठवण्यात अमेरिकेची चूक झाली, असं तुम्हाला वाटतं का? ऑगस्ट १९६५ मध्ये ६१ टक्के लोक 'नाही' म्हणाले आणि २४ टक्के 'हो'. ऑक्टोबर १९६७ मध्ये पहिल्यांदा 'चूक झाली' म्हणणारे पुढे गेले, ४७ विरुद्ध ४४. ऑगस्ट १९६८ मध्ये चूक म्हणणारे निम्म्याहून जास्त झाले आणि मे १९७१ मध्ये ६१ टक्क्यांवर पोचले. म्हणजे सहा वर्षांत आकडा पुरता फिरला. पण या सगळ्या काळात युद्धाला जास्त पाठिंबा तिशीच्या आतल्यांचा होता, आणि पन्नाशी ओलांडलेले सर्वांत साशंक होते. त्यांनी दुसरं महायुद्ध आणि कोरिया, दोन्ही पाहिलेलं होतं. पुरुषांपेक्षा बायका आणि गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय जास्त विरोधात होते.

शिक्षणाचंही तेच. जानेवारी १९७१ मध्ये गॅलपने विचारलं, वर्ष संपायच्या आत सगळं सैन्य परत आणावं असा ठराव काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, आला तर तुमच्या प्रतिनिधीने बाजूने मत द्यावं का? प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्यांतले ८० टक्के 'हो' म्हणाले, हायस्कूलपर्यंत शिकलेल्यांतले ७५ टक्के आणि कॉलेज केलेल्यांतले ६० टक्के. ज्याची शाळा लवकर सुटली, त्याला हे युद्ध जास्त नको होतं.

'चूक' म्हणणारे सगळे शांततावादी नव्हते

आकडे वाचताना एक खाचखळगा ध्यानात ठेवावा लागतो. 'चूक झाली' या एका उत्तरात दोन अगदी वेगळी माणसं बसतात. एक म्हणतो, आपण तिथे जायलाच नको होतं. दुसरा म्हणतो, गेलो तर पूर्ण ताकदीने लढायचं होतं. हात बांधून आपली मुलं मरू द्यायची असतील तर चूकच झाली. त्या काळच्या वर्तमानपत्री भाषेत पहिला कबुतर आणि दुसरा ससाणा.

१२ मार्च १९६८ ला न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हा घोळ स्पष्ट दिसला. युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं पडली, विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४९. अध्यक्षाला स्वतःच्या पक्षात इतकी कमी मतं म्हणजे नामुष्कीच. शांततेचा विजय म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण नंतर मतदारांना विचारल्यावर कळलं, की मॅकार्थींना मत देणाऱ्या बऱ्याच जणांना युद्ध अजून जोरात लढायला हवं होतं. त्यांचा राग जॉन्सन यांच्यावर होता आणि तो काढायला मतपत्रिकेवर दुसरं ठळक नाव नव्हतं. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

सुरुवातीला राजकारण्यांत मतभेद नावालाही नव्हता. ऑगस्ट १९६४ मध्ये, अध्यक्षांना तिथे लष्करी बळ वापरायची मुभा देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा मंजूर झाला. युद्धाची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. लढाई मुख्यतः याच ठरावाच्या आधारावर चालली. मत बदललं ते मृतांचा आकडा चढत गेला तसतसं, आणि त्याचा संबंध एका सरकारी यंत्रणेशी होता. ती यंत्रणा कळली की चाचण्यांतली बरीच कोडी सुटतात.

भरतीची यंत्रणा कशी चालायची

अमेरिकेत तेव्हा सक्तीची लष्करभरती होती, तिला सगळे 'ड्राफ्ट' म्हणत. अठरा वर्षं पूर्ण झाली की प्रत्येक मुलाने नाव नोंदवायचं. ग्रीन कार्डवर राहणारे परदेशी तरुणही त्यात आले. कारभार सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिम या खात्याचा, आणि १९४१ पासून १९७० पर्यंत त्याचे प्रमुख एकच, जनरल लुईस हर्शी.

पेंटॅगॉन दर महिन्याला माणसांचा आकडा सांगे, तो राज्यांत वाटला जाई आणि राज्यांकडून देशभरातल्या सुमारे ४,००० स्थानिक मंडळांत. मंडळाचे सदस्य बिनपगारी, गावातली वजनदार मंडळी: दुकानदार, विमा एजंट, निवृत्त सैनिक. दर मुलाची फाइल वाचून त्याला एक वर्ग द्यायचा, हे त्यांचं काम. 'वन-ए' म्हणजे बोलावण्यास पात्र. 'टू-एस' म्हणजे शिकतोय, सध्या सूट. 'थ्री-ए' म्हणजे पोराबाळांचा बाप किंवा घरची अडचण. 'फोर-एफ' म्हणजे अपात्र. 'वन-ओ' म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीने युद्ध नाकारणारा. त्याने दोन वर्षं इस्पितळासारख्या ठिकाणी पर्यायी नागरी सेवा करायची.

नियम देशभर एक, पण अंमल चार हजार ठिकाणी वेगवेगळा. एका मंडळाने शेतावरच्या मुलाला सहज सूट दिली तर शेजारच्या जिल्ह्यातल्या मंडळाने तशाच मुलाला पाठवलं. सदस्यांना महिन्यातून एखादी बैठक. प्रत्यक्षात पुष्कळ निर्णय कचेरीतल्या कारकुनाने आखून ठेवलेले असत. १९६७ साली सरकारनेच नेमलेल्या आयोगाने मोजलं तेव्हा देशभरच्या मंडळांतले जेमतेम १.३ टक्के सदस्य कृष्णवर्णीय निघाले, लोकसंख्येतला त्यांचा वाटा मात्र सुमारे ११ टक्के.

बोलावणी किती वाढली ते बघा. १९६४ मध्ये सुमारे १,१२,०००. १९६५ मध्ये २,३१,०००. १९६६ मध्ये ३,८२,०००. मंडळांना 'वन-ए' मुलं कमी पडू लागली, तेव्हा सूट काढून घ्यायला सुरुवात झाली. २६ ऑगस्ट १९६५ ला जॉन्सन यांनी आदेश काढला: त्या मध्यरात्रीनंतर लग्न करणाऱ्याला केवळ नवरा म्हणून सवलत नाही. त्या रात्री लास व्हेगसच्या विवाहकचेरीत रांगा लागल्या. मूल असेल तर सूट कायम होती, त्यामुळे बोहल्यावरून थेट पाळण्याकडे धाव सुरू झाली.

१९६६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर वेळ आली. वर्गातला क्रमांक किंवा एका राष्ट्रीय परीक्षेतले गुण पाहून 'टू-एस' टिकवायची की नाही हे मंडळ ठरवणार. विद्यापीठांनी मुलांचे क्रमांक मंडळांना कळवायचे होते, आणि त्यावरूनच मे १९६६ मध्ये शिकागो विद्यापीठात विद्यार्थ्यांनी प्रशासनाची इमारत अडवली. प्राध्यापकांचीही पंचाईत झाली: मुलाला नापास करायचं म्हणजे कदाचित त्याला युद्धावर धाडायचं. फेब्रुवारी १९६८ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सूटही गेली. वैद्यकीय शाखा आणि धर्मोपदेशक होऊ पाहणारे तेवढे वाचले. विद्यापीठांतला विरोध नेमका याच काळात भडकला. त्यात तत्त्व नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण आगीची धग अंगणात आल्यावर तत्त्व जास्त स्पष्ट दिसू लागतं, हेही तितकंच खरं.

हर्शी यांच्या खात्याने १९६५ मध्ये एक टिपण तयार केलं होतं. सूट देणं ही मेहेरबानी नसून तरुणांना देशाला हव्या त्या व्यवसायांकडे वळवण्याची युक्ती आहे, असं त्यात उघड लिहिलेलं. इंजिनिअर हवेत ना, मग इंजिनिअरिंगला सूट. भरतीच्या धाकाने पोरं आपोआप तिकडे जातील. १९६७ मध्ये ते बाहेर आलं आणि विरोधकांच्या हातात कोलीत मिळालं. त्याच वर्षी हर्शी यांनी आणखी एक पाऊल टाकलं: भरतीत अडथळा आणणाऱ्या निदर्शकांची सूट काढा, असं मंडळांना कळवलं. शिक्षा म्हणून सैन्यात पाठवायचं! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७० मध्ये तसं करणं बेकायदा ठरवलं.

मग गेलं कोण?

युद्धाच्या काळात भरतीच्या वयात येऊन गेलेले पुरुष सुमारे २ कोटी ७० लाख. त्यातल्या साधारण २२ लाखांना सक्तीने नेलं. ८७ लाख आपणहून गेले, पण यातले पुष्कळ 'आपणहून' फसवं आहे. सक्तीने गेलात तर दोन वर्षं आणि सैन्य नेईल तिथे, बहुधा पायदळात. स्वतः सही केलीत तर तीन-चार वर्षं, पण नौदल, हवाई दल किंवा एखादी तांत्रिक शाखा निवडता येई. त्यामुळे वन-ए चं कार्ड हातात पडताच कित्येक जण दुसऱ्या दाराने आत शिरले. प्रत्यक्ष व्हिएतनामला गेलेले साधारण २७ लाख. मृत्यू ५८,००० च्या वर, त्यातले सुमारे ३० टक्के सक्तीने भरती झालेले. एकट्या पायदळाचा हिशेब केला तर प्रमाण बरंच जास्त.

तिसरी वाट नॅशनल गार्ड, म्हणजे राज्यांची अर्धवेळ सैन्यं, आणि राखीव दलांची. जॉन्सन यांनी राजकीय बोभाटा टाळायला या दलांना व्हिएतनामसाठी फारसं बोलावलंच नाही, म्हणून तिथली जागा म्हणजे सुरक्षित आसरा झाली. प्रतीक्षायाद्या लांबल्या, ओळखी लागू लागल्या, आणि आत जाणारे जवळजवळ सगळे गोरे.

उलट्या टोकाला, संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी १९६६ मध्ये 'प्रोजेक्ट हंड्रेड थाउजंड' सुरू केला. बुद्धिमापन चाचणीत आधी नापास ठरलेल्या मुलांसाठी पात्रतेची रेघ खाली आणली. सांगितलं असं की गरीब मुलांना प्रशिक्षण मिळेल, आयुष्य सुधारेल. १९७१ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक मुलं यातून घेतली गेली, पण शिकवणीचा भाग बहुतांशी कागदावर राहिला. कॉलेजकुमारांची सूट काढण्यापेक्षा ही रेघ हलवणं राजकीयदृष्ट्या स्वस्त होतं. माझ्या मते त्या सगळ्या काळातला हा सर्वांत निर्दय निर्णय, आणि तो कल्याणाच्या भाषेत घेतला गेला.

१९६५-६६ मध्ये लढाईत मेलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं. त्यावर टीका झाल्यावर सैन्याने नेमणुका बदलल्या आणि पूर्ण युद्धाचा आकडा साडेबारा टक्क्यांच्या आसपास आला. दरम्यान ४ एप्रिल १९६७ ला मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध भाषण केलं. आज ते थोर मानलं जातं. तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या दोघांनी अग्रलेखांतून त्यांना झोडपलं, आणि नागरी हक्कांची जुनी संघटना एनएएसीपी हिनेही शांतता आणि समानता या चळवळी एकत्र करू नयेत असा ठराव केला.

त्याच महिन्यात, २८ एप्रिलला, ह्यूस्टनच्या भरतीकेंद्रात मुहम्मद अली उभे होते. भरतीचा विधी अगदी साधा: नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, टाकलं की तुम्ही सैनिक. अली यांनी पाऊल टाकलं नाही. जगज्जेतेपद गेलं, पाच वर्षं कैद आणि १०,००० डॉलर दंडाची शिक्षा झाली, अपील चालू असताना ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध शून्य अशी शिक्षा रद्द केली.

युद्ध नाकारण्याचा कायदा याच वर्षांत रुंदावला. १९६५ मध्ये न्यायालयाने म्हटलं, रूढ अर्थाने देव मानणं आवश्यक नाही. १९७० मध्ये नैतिक श्रद्धाही पुरेशी ठरली. पण १९७१ मध्ये एक मर्यादा घट्ट केली: आक्षेप सगळ्याच युद्धांना हवा. 'हे युद्ध चुकीचं आहे, दुसरं लढेन' असं म्हणणाऱ्याला सूट नाही. विरोधकांतल्या बहुतेकांचं म्हणणं मात्र नेमकं तेच होतं.

१ डिसेंबर १९६९ ची सोडत

मंडळांच्या मनमानीवर उपाय म्हणून रिचर्ड निक्सन यांच्या सरकारने सोडत आणली. जन्मतारखेची सोडत, १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या सगळ्यांसाठी. २९ फेब्रुवारी धरून ३६६ तारखा, प्रत्येकीची चिठ्ठी एका निळ्या प्लॅस्टिकच्या कुपीत, कुप्या काचेच्या मोठ्या भांड्यात. कार्यक्रम दूरचित्रवाणीवर थेट दाखवला. काँग्रेस सदस्य अलेक्झांडर पर्नी यांनी पहिली कुपी उचलली: १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेल्यांना पहिला क्रमांक. शेवटची निघाली ८ जून. १९७० साली बोलावणी १९५ व्या क्रमांकापर्यंत गेली. त्यापुढचे सगळे सुटले.

गोची झाली ती मिसळण्यात. जानेवारीच्या ३१ कुप्या आधी एका पेटीत ओतल्या, मग फेब्रुवारीच्या टाकून दोन्ही एकत्र केल्या, मग मार्चच्या, असं करत डिसेंबरपर्यंत. म्हणजे जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा ढवळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या एकदाच. पेटी थोडी हलवली आणि भांड्यात रिकामी केली. पत्ते नीट न पिसता वाटले की शेवटी ठेवलेली पानं एकत्र येतात, तसंच झालं: वर्षअखेरच्या तारखा वरच राहिल्या आणि हात वरूनच घातला जात होता. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २६ पहिल्या निम्म्या क्रमांकांत आल्या. जानेवारीचा सरासरी क्रमांक २०१, डिसेंबरचा १२१. डिसेंबरात जन्मणं हा त्या वर्षी अमेरिकेत धोका होता. संख्याशास्त्रज्ञांनी काही दिवसांत ही चूक दाखवली. निकाल फिरवला गेला नाही, पण जुलै १९७० च्या सोडतीत पद्धत बदलली. तारखा एका पिंपात आणि क्रमांक दुसऱ्यात, दोन्ही आधीच यादृच्छिक क्रमाने भरलेले, आणि प्रत्येक पिंपातून एकेक चिठ्ठी. आजही संख्याशास्त्राच्या वर्गांत हे उदाहरण शिकवतात.

सोडतीचा राजकीय परिणाम मोठा झाला. आधी मोठ्या वयाची मुलं अगोदर जात आणि २६ वर्षांपर्यंत तलवार डोक्यावर लटके. आता एकाच वर्षाचा धोका. क्रमांक मोठा असेल तर मोकळे. एका रात्रीत लाखो तरुणांना कळलं की आपल्याला जायचं नाही. त्यातच व्हिएतनाममधलं सैन्य १९६९ च्या ५,४३,००० वरून घटत होतं. १९७० चा वसंत वगळता निदर्शनांचा जोर ओसरत गेला, युद्धाबद्दलचं मत मात्र वाईटच होत राहिलं. जनमत आणि रस्त्यावरची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडायचा नाही.

युद्ध नको, निदर्शकही नकोत

सर्वांत कमी समजलेला भाग हा आहे. युद्धाला विरोध करणाऱ्या अमेरिकनांतल्या फार मोठ्या गटाला युद्धविरोधी चळवळ मनापासून नावडत होती.

४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. त्यानंतरच्या चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला आणि ११ टक्क्यांनी गार्डला. अकराच दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. त्याची बातमी केंटच्या तुलनेत कुठल्या कुठे गेली.

८ मे ला न्यूयॉर्कमध्ये केंटच्या मृतांसाठी जमलेल्या विद्यार्थ्यांवर डोक्यावर शिरस्त्राणं घातलेले बांधकाम कामगार धावून गेले. सुमारे ७० जण जखमी झाले. मृतांसाठी अर्ध्यावर उतरवलेला सिटी हॉलवरचा ध्वज कामगारांनी पुन्हा वर चढवायला लावला. 'कामगारवर्ग युद्धाच्या बाजूने' ही प्रतिमा त्या दुपारची. पण त्यानंतर आठ महिन्यांनी आलेले जानेवारी १९७१ चे आकडे वर दिलेच आहेत. मग तो संताप कशाचा? ज्याचा मुलगा पायदळात आहे त्याला, सूट घेऊन कॉलेजात बसलेला मुलगा ध्वज जाळताना दिसतो. युद्ध चुकीचं असेल, पण आपल्या पोराचं मरण फुकट गेलं असं या पोरांनी आपल्याला सांगावं? निक्सन यांनी ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात 'मूक बहुसंख्या' म्हणून हाक दिली ती याच माणसांना, आणि ती लागू पडली. चळवळीतल्या अनेकांना हा वर्गाचा मुद्दा कळायला फार उशीर झाला.

चळवळीतही एकसूर नव्हता. मे १९६८ मध्ये मेरीलँडमधल्या केटन्सव्हिल इथे नऊ कॅथलिकांनी, त्यात बेरिगन बंधू हे दोन धर्मगुरू, भरती मंडळाच्या ३७८ फाइली बाहेर काढून घरी बनवलेल्या नापामने, म्हणजे बॉम्बमध्ये वापरतात त्या चिकट ज्वालाग्राही द्रवाने, जाळल्या. फाइली कागदी, बहुधा दुसरी प्रत नसलेल्या. फाइल गेली की त्या मुलाला बोलावणं अवघड. त्याच चर्चचे न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन युद्धाचे खंदे समर्थक राहिलेले. एप्रिल १९७१ मध्ये तर युद्धातून परतलेल्या शेकडो सैनिकांनी आपली पदकं कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, पायऱ्यांवर फेकली. त्यांना देशद्रोही म्हणणं कुणालाच सोपं गेलं नाही.

भरती चुकवणाऱ्यांपैकी हजारो जण कॅनडात गेले. देशातल्या सुमारे २,१०,००० जणांवर भरतीचा कायदा मोडल्याचा ठपका आला, दोषी ठरले जेमतेम ८,७५०. मंडळांच्या कामकाजातल्या चुकांमुळे बरेच खटले न्यायालयात टिकले नाहीत. जेराल्ड फोर्ड यांनी १९७४ मध्ये अटींसह सवलत दिली, जिमी कार्टर यांनी २१ जानेवारी १९७७ ला, पदावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, माफी. सैन्यातून पळून गेलेल्यांना ती माफी नव्हती. कॉलेजातली मुलं बहुधा भरती चुकवणाऱ्यांत होती आणि गरिबांची सैन्यातून पळालेल्यांत.

समाजावर उमटलेले वळ

सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली आणि सैन्य पूर्ण स्वयंसेवी झालं. निक्सन यांनी नेमलेल्या आयोगाने १९७० मध्येच तशी शिफारस केली होती. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन त्यात होते. पगार वाढवावे लागले, स्त्रियांची भरती वाढली. टीका आजही होते की आता युद्धाचा भार थोड्याच घरांवर पडतो आणि बाकीच्यांना त्याची झळ लागत नाही. 'लढायला पाठवता तर मत का नाही' या युक्तिवादावर २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि जुलै १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ वर आलं. १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून, सैन्य लढाईत धाडण्याच्या अध्यक्षांच्या अधिकाराला लगाम घालणारा युद्धाधिकारांचा कायदा केला. सरकारवर नेहमी किंवा बहुतेक वेळा विश्वास ठेवता येतो असं १९६४ मध्ये ७७ टक्के लोक म्हणत. १९७४ मध्ये ३६ टक्के. निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाचाही त्यात वाटा आहे, पण घसरण त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती.

परतलेल्या सैनिकांचं काय? या युद्धात तुकड्या एकत्र जाऊन एकत्र परतत नसत. प्रत्येकाची बारा महिन्यांची मुदत वेगळी, त्यामुळे सैनिक एकटा जाई आणि एकटा येई, कधी जंगलातून दोन-तीन दिवसांत थेट घराच्या ओट्यावर. शिक्षणासाठीची मदतही आटली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकार वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी भरे आणि वर खर्चाला पैसे देई. १९६६ च्या कायद्यात एकट्या विद्यार्थ्याला महिन्याला १०० डॉलर, त्यातच फी भागवायची. नंतर रक्कम वाढली, तोवर पहिल्या फळीतले पुष्कळ जण बाहेर पडले होते. मनाच्या जखमेला वैद्यकीय नाव मिळायला १९८० उजाडलं, तेव्हा पीटीएसडी हा आजार अधिकृत यादीत आला. १९८८ च्या सरकारी अभ्यासात सुमारे १५ टक्के पुरुष सैनिकांत तो तेव्हाही आढळला, आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेले सुमारे ३० टक्के.

एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाचं भांडण आणखी लांबलं. १९६२ ते १९७१ मध्ये सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं व्हिएतनामवर फवारली गेली. सैनिकाला आजार आहे, पण तो त्याच फवाऱ्याने झाला हे सिद्ध कसं करायचं? उत्पादक कंपन्यांनी १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरवर तडजोड केली. १९९१ च्या कायद्याने गाडी रुळावर आली: व्हिएतनाममध्ये सेवा केली आणि ठरावीक यादीतला आजार असला की संबंध गृहीत धरायचा. सर्वाधिक फवारणी सोसलेले व्हिएतनामी लोक या कायद्याच्या बाहेरच आहेत.

१९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर सुमारे १,३०,००० निर्वासित अमेरिकेत आले, तेव्हा गॅलपला ५४ टक्के लोकांनी सांगितलं, त्यांना घेऊ नका. ज्यांच्यासाठी लढलो असं सांगितलं गेलं, त्यांच्याबद्दल. १९८२ मध्ये वॉशिंग्टनला स्मारक झालं त्यावरही वाद पेटला. २१ वर्षांच्या माया लिन हिचा आराखडा: जमिनीत उतरणाऱ्या दोन काळ्या भिंती, त्यावर फक्त नावं, आडनावानुसार नाही तर मृत्यूच्या तारखेनुसार. त्यामुळे एकाच लढाईत मेलेले शेजारी शेजारी येतात. 'लाजेचा काळा व्रण' म्हणून त्याची निंदा झाली आणि तडजोड म्हणून १९८४ मध्ये तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा जवळ उभारला. आता तिथे येणारे लोक भिंतीपाशीच थांबतात. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांनी या युद्धाला 'उदात्त कार्य' म्हटलं होतं, आणि जिंकता आलं असतं की मुळातच चूक होती, हा वाद इतिहासकारांत अजून चालू आहे.

भरतीची नोंदवही मात्र बंद झालेली नाही. कार्टर यांनी १९८० मध्ये नोंदणी पुन्हा सुरू केली, फक्त पुरुषांची. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. १९७३ नंतर कुणालाही बोलावलेलं नाही. पण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनी हे माहीत ठेवावं: १८ ते २५ वयाचा मुलगा नागरिक असो वा ग्रीन कार्डधारक, त्याचं नाव या नोंदीत असणं कायद्याने आवश्यक आहे. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-वन-बी वर वैधपणे असलेल्यांना हा नियम लागू नाही. मात्र २६ वर्षं पूर्ण व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं की लागू होतो. नागरिकत्वाच्या अर्जात याबद्दल थेट प्रश्न असतो. २६ उलटल्यावर नोंदणी करता येत नाही, आणि ३१ च्या आत अर्ज केला तर आपण जाणूनबुजून टाळलं नव्हतं हे पटवून द्यावं लागतं.